काट्यावर चौदा किलो, बिलावर पंच्याहत्तर

मिरजेचा तंबोरा दिसायला भारदस्त, पण उचलला की हलका लागतो. वाळवून कोरलेला भोपळा, आतून पोकळ दांडी, पातळ तबली. या वाद्याचा बहुतेक भाग म्हणजे बंदिस्त हवा. ऑनलाइन विक्रीत नेमकं त्या हवेचंच भाडं भरावं लागतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता मधल्या दुकानदाराला वगळून दूरच्या गिऱ्हाइकाला थेट वाद्य विकावं असं कारागिराला वाटलं, तर ते रास्तच आहे. पण मोठी वस्तू पाठवण्याचा खर्च कसा काढायचा, याविषयीचे काही समज इतके घट्ट बसलेले आहेत की वाद्य विकलं जातं आणि नफा वाटेतच जिरतो. हे तंबोऱ्यापुरतं नाही. वेताची खुर्ची, बांबूचा झुंबरदिवा, मोठा आकाशकंदील, फायबरची मूर्ती, अशा आकाराने मोठ्या आणि वजनाने हलक्या प्रत्येक वस्तूची हीच गत आहे.

पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा समज असा, की भाडं काट्यावरच्या वजनावर ठरतं. उदाहरणच घेऊ. फोम, पुठ्ठा आणि पातळ प्लायवूड यांच्यासह तंबोऱ्याचा खोका १५० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ५० उंच झाला, आणि काट्यावर तो १४ किलो भरला असं समजा. कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करतात आणि त्याला साधारणपणे ५,००० ने भागतात. येणारं उत्तर म्हणजे व्हॉल्युमेट्रिक वजन. प्रत्यक्ष आणि व्हॉल्युमेट्रिक यांपैकी जे जास्त असेल त्यावर बिल निघतं. आपल्या खोक्याचं घनफळ ३,७५,००० घनसेंटिमीटर, म्हणून बिलावर ७५ किलो येतात. ज्याने १४ किलोंचा अंदाज धरून वेबसाइटवर भाडं लिहिलं, त्याला अंदाजाच्या पाचपटीहून जास्त रक्कम कंपनीला द्यावी लागते. शिवाय हा फरक माल उचलताना कळत नाही. कंपनीच्या केंद्रात यंत्र खोक्याची मापं घेतं आणि काही दिवसांनी खात्यातून जादा पैसे कापले जातात. तोवर गिऱ्हाइकाकडून वाद्याचे आणि भाड्याचे पैसे घेऊन झालेले असतात.

यावर विक्रेत्यांचा आक्षेप ठरलेला असतो: ही लूट आहे, न उचललेल्या वजनाचे पैसे कसले? आक्षेप समजण्यासारखा आहे, पण गाडीचा हिशेब पाहिला की तो टिकत नाही. ३२ फुटी बंद कंटेनर साधारण ३२ फूट लांब, ८ फूट रुंद आणि ८ फूट उंच धरला, तर त्यात २,०४८ घनफूट जागा होते. आपले खोके फट न ठेवता रचले, तरी दीडशेच्या आसपास बसतील. दीडशे खोक्यांचं वजन भरतं सव्वादोन टनांच्याही आत, आणि अशी गाडी सहज सात टन ओढते. म्हणजे गाडी शिगोशीग भरली, पण तिची दोन तृतीयांश ताकद पडून राहिली. डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा पगार मात्र पूर्ण फेरीचाच लागतो. तो कुणीतरी भरायचा, आणि ज्याने जागा अडवली त्याने भरायचा, हे न्यायाचंच आहे. विमानमालाच्या धंद्यात हे तत्त्व जुनं आहे. तिथे ६,००० घनसेंटिमीटर म्हणजे एक किलो असं धरतात. अमेरिकेत यूपीएस आणि फेडेक्स पूर्वी रस्त्याने जाणाऱ्या पार्सलांपैकी तीन घनफुटांवरच्या पार्सलांनाच ही पद्धत लावत. २०१५ च्या सुरुवातीपासून त्यांनी ती सगळ्याच पार्सलांना लावली. आक्षेप घ्यायचाच तर तो दुसऱ्या ठिकाणी घ्यावा. आपल्याकडचे रस्तेवाहतूकदार घनफूट काढताना २७,००० ने भागतात, पण खऱ्या घनफुटात २८,३१७ घनसेंटिमीटर मावतात. सुमारे पाच टक्क्यांची ही वाढ आकडेमोडीच्या सोयीखाली लपते, आणि तिच्याविषयी कुणी भांडताना दिसत नाही.

दुसरा समज पहिल्यापेक्षा हुशार माणसालाही चकवतो. ज्याचा किलोचा दर कमी, तो वाहतूकदार स्वस्त, असं मानलं जातं. ट्रान्सपोर्टवाले घनफुटाला ठरावीक किलो धरतात, त्याला धंद्यात सीएफटी म्हणतात. कुणी घनफुटाला ६ किलो धरतो, कुणी ७, ८ किंवा १०. आपला खोका २७,००० च्या हिशेबाने १३.८९ घनफूट होतो. एक वाहतूकदार किलोला १२ रुपये सांगतो आणि १० सीएफटी लावतो असं धरू. बिलाचं वजन १३९ किलो, भाडं १,६६८ रुपये. दुसरा किलोला १४ रुपये सांगतो, पण ७ सीएफटी लावतो. वजन ९८ किलो, भाडं १,३७२ रुपये. दर ज्याचा चढा, तोच २९६ रुपयांनी स्वस्त. दर कल्पित आहेत, गणित खरं आहे. म्हणून हलक्या मालासाठी किलोचा दर विचारूच नये. दर गुणिले सीएफटी करून घनफुटाचा दर काढावा. पहिल्याचा तो १२० रुपये येतो, दुसऱ्याचा ९८. कुरिअरशी तुलना करायची असेल, तर ५,००० चा भागाकार म्हणजे ५.४ सीएफटी, आणि ४,५०० चा म्हणजे बरोबर ६ सीएफटी. एवढी दोन रूपांतरं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली की कुठल्याही दरपत्रकाची तुलना दोन मिनिटांत होते. तोच खोका कुरिअरकडे ७५ किलोंचा आणि ट्रान्सपोर्टकडे १३९ किलोंचा भरतो, हे विचित्र दिसतं, पण चुकीचं नाही. रस्त्याचा किलोचा दर कमी असतो, म्हणून मोजायचे किलो वाढवलेले असतात.

दराखालच्या ओळी तरीही वाचाव्याच लागतात. पावतीमागचा डॉकेट चार्ज, फ्युएल सरचार्ज, नेहमीच्या टापूबाहेरच्या गावांसाठीचा ओडीए चार्ज, किमान बिलाचं वजन, आणि ट्रान्सपोर्टच्या गोडाउनात हमाली नाहीतर वारई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी. कुरिअर सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. नोंदणीकृत विक्रेत्याला तो वजावटीत परत मिळतो, असं सरसकट सांगितलं जातं, तेही अर्धसत्य आहे. हाताने बनवलेली भारतीय वाद्यं जीएसटीतून मुक्त आहेत, आणि करमुक्त मालाच्या देशातल्या विक्रीसाठी घेतलेल्या सेवेवरचा कर वजावटीला मिळत नाही. तंबोरा विकणाऱ्याला ते १८ टक्के खर्चातच धरावे लागतात. खुर्ची विकणाऱ्याचा हिशेब वेगळा निघेल.

पॅकिंगबाबत 'जितकं जाड तितकं सुरक्षित' हा समज आहे, आणि त्याला हात लावायचा म्हटलं की कारागीर बिचकतात. त्यांचं बिचकणं अगदीच बिनबुडाचं नाही, कारण भोपळा एकदा तडकला की भाड्याची बचत कवडीमोल ठरते. तरीही सेंटिमीटरची किंमत माहीत असावी. आपल्या खोक्याचं प्रत्येक माप फक्त पाच सेंटिमीटरने कमी केलं, १४५, ४५ आणि ४५, तर घनफळ २,९३,६२५ होतं आणि बिलाचं वजन ७५ वरून ५९ किलोंवर येतं. भाडं पाचव्या हिश्श्याहून जास्त कमी झालं, कारण कपात तिन्ही मापांत एकदम होते. म्हणून सैल थर्माकोलचे तुकडे भरून जागा वाढवण्यापेक्षा भोपळ्याच्या आकाराला नेमका बसणारा घट्ट फोम वापरणं शहाणपणाचं. तो महाग असतो, पण एकाच खेपेत वसूल होऊ शकतो. उलट दांडीकडे निमुळता होणारा खोका बनवून मात्र काही साधत नाही, कारण मोजमाप सगळ्यात बाहेर आलेल्या टोकांचं घेतात आणि मधली रिकामी जागाही त्यात धरतात. ती जागा वाचवायची असेल, तर गायकाला लागणारी तंबोऱ्यांची जोडी एकाच खोक्यात उलटसुलट ठेवावी, एकाचा भोपळा दुसऱ्याच्या खुंट्यांकडे. १५० बाय ८० बाय ५० च्या खोक्याचे १२० किलो होतात, तर दोन वेगळ्या खोक्यांचे १५०. मापं घ्यायची ती पट्ट्या आवळून खोका पूर्ण बंद झाल्यावर, फुगलेल्या बाजूवरून. टेपसकट फोटो काढून ठेवला की वजनाच्या वादात काही हाती असतं.

आता 'फ्री शिपिंग'. देशभराच्या भाड्याची सरासरी काढून किमतीत मिसळली की झालं, हा सल्ला पुस्तकं किंवा साड्या विकणाऱ्याला चालतो, कारण तिथे कोल्हापूर आणि गुवाहाटी यांतला फरक शंभर-दीडशे रुपयांत मावतो. ७५ किलोंच्या बिलात तो हजारांत जातो. मग सरासरीचा खेळ उलटतो. जवळच्या गिऱ्हाइकाला किंमत फुगलेली दिसते, तो मिरजेला येऊन वाद्य घेतो किंवा दुसरीकडे जातो. लांबच्याला ती स्वस्त पडते, तो ऑर्डर देतो. महिन्याअखेरीस ऑर्डरी लांबच्याच उरतात आणि धरलेली सरासरी खोटी ठरते. यावर कुणी म्हणेल, भाडं वेगळं दिसलं की गिऱ्हाईक पळतं. पळतं ते बहुधा भाडं शेवटच्या पायरीवर अचानक दिसल्यामुळे. शिवाय ते तसं दाखवणं कायद्यालाही मान्य नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात आणि डिलिव्हरी, हाताळणी, कर अशी फोड करून द्यायची असते. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करण्याच्या युक्तीला २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या प्रथांच्या यादीत घातलं आहे. माझ्या मते मोठ्या वस्तूसाठी उत्तम मार्ग असा: सगळ्यात जवळच्या टप्प्याचं भाडं किमतीत धरावं आणि त्यापुढचा फरक पिनकोड टाकताच, वस्तूच्या पानावरच दाखवावा. गिऱ्हाइकाला आपण कशाचे पैसे देतोय ते कळतं, आणि विक्रेत्याचा तोटा अंतरावर अवलंबून राहत नाही.

शेवटचा समज जोखमीचा. माल कुरिअरला दिला की जबाबदारी त्याची, असं धरून बरेच जण पावतीवर किंमत कमी लिहितात, म्हणजे किमतीवरचा चार्ज वाचतो. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यात आणि २०११ च्या नियमांत वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटींपर्यंत मर्यादित आहे, तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. या कायद्याच्या व्याख्येत कुरिअर एजन्सीही येते. भाडं २,५०० रुपये आणि वाद्य ४०,००० चं असेल, तर जास्तीत जास्त २५,००० मिळतील. पावतीवर किंमत ५,००० लिहिली असेल, तर त्याहून जास्त मागताच येणार नाही. फुटक्या अवस्थेत पोचलेलं वाद्य परत घ्यायला मात्र ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याला नकार देता येत नाही. पूर्ण भरपाई हवी असेल, तर बुकिंगच्या वेळीच खरी किंमत जाहीर करून वाढीव जोखीमदर भरावा किंवा वेगळा विमा घ्यावा, आणि ती रक्कम भाड्यातच धरावी. नुकसान झालंच, तर फोनवरच्या तक्रारीवर विसंबू नये. दावा लावण्यापूर्वी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तिची मुदत बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांची आहे.