कोंबडीने काय खाल्ले?

मुलांनो, चाकूरच्या बाजारात तुम्ही अंडी विकत घेतली असतील. दुकानात पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये पांढरी अंडी रचून ठेवलेली असतात. ती पोल्ट्रीतली. तिथून थोड्या अंतरावर, खेड्यातून आलेली एखादी आजी टोपलीत भुसा घालून पंधरा-वीस अंडी घेऊन बसलेली असते. ती गावरान. गावरान अंडे बरेच महाग असते. गिऱ्हाईक अंडे उचलते, उलटसुलट करून पाहते आणि विचारते, "आजी, खरंच गावरान आहे का?" आजी म्हणते, "घरच्या कोंबड्यांचं आहे, बाबा." गिऱ्हाईकाचा विश्वास बसत नाही. आजीजवळ तिच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नसतो.

गिऱ्हाईकाची शंका अगदीच निराधार नाही. काही लबाड विक्रेते पांढरी अंडी चहाच्या पाण्याने रंगवतात. शिवाय कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो. पोल्ट्रीतल्या काही जातींच्या कोंबड्यासुद्धा तपकिरी अंडी घालतात. "बलक गडद पिवळा, म्हणून अंडे गावरान," असेही लोक म्हणतात. पण बलकाचा रंग खाद्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यांमुळे येतो. मका खाल्ला की बलक पिवळा होतो. झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात मिसळला तर आणखी गडद होतो. तुमची दादी ज्या अंड्याचा खागिना करते, त्याचा रंग पाहून कोंबडी कुठे वाढली हे नक्की सांगता येत नाही.

मग कसे सांगावे? गावरान अंड्याला आपण जास्त पैसे का देतो, याचा विचार करा. ती कोंबडी मोकळी फिरते, दाणे टिपते, उकिरडा उकरून किडे खाते, गवताचे कोंब खुडते. पिंजऱ्यातली कोंबडी समोर येईल तेच तयार खाद्य खाते. म्हणजे खरा प्रश्न असा आहे : कोंबडीने काय खाल्ले? आणि या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्र शोधू शकते, कारण अंडे खाद्यापासूनच बनते.

ते कसे, ते पाहू. अन्नात कार्बन असतो, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. बहुतेक कार्बन अणूंचे वजन १२ असते. शंभरात साधारण एक अणू किंचित जड, म्हणजे १३ वजनाचा असतो. त्यात एक न्यूट्रॉन जास्त असतो, एवढाच फरक. अशा अणूंना समस्थानिके म्हणतात. वनस्पती हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतात, तेव्हा जड कार्बन थोडा मागे राहतो. मात्र सर्व वनस्पती तो सारख्या प्रमाणात मागे ठेवत नाहीत.

आपल्या शिवारातच दोन गट आहेत. सोयाबीन, तूर, हरभरा, गहू हा एक गट. यांच्यात प्रकाशसंश्लेषणाचा पहिला पदार्थ तीन कार्बनांचा असतो. ज्वारी, बाजरी, मका, ऊस हा दुसरा गट. यांच्यात तो चार कार्बनांचा असतो. उसातली ही रीत ऑस्ट्रेलियातील हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ साली स्पष्ट केली. पहिला गट जड कार्बन जास्त टाळतो, दुसरा कमी. सोयाबीनमधले एक लाख कार्बन अणू मोजले तर त्यांत सुमारे १,०७६ जड सापडतील. ज्वारीच्या एक लाखात सुमारे १,०९३. लाखात फक्त सतरा अणूंचा फरक! पण मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र तो पकडते. अंड्याचा थोडासा भाग वाळवून, पूड करून जाळतात. त्यातून निघालेला वायू यंत्रात सोडतात. तिथे त्याच्या कणांना विद्युतभार देऊन चुंबकाजवळून वळवतात. हलके कण जास्त वळतात, जड कण कमी. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी पोचतात आणि मोजले जातात.

१९७८ साली अमेरिकेत डिनिरो आणि एपस्टाइन या शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या प्राण्यांना ठरावीक खाद्य देऊन पाहिले. खाद्यातल्या कार्बनची खूण प्राण्याच्या शरीरात जवळजवळ तशीच उतरते, असे त्यांना आढळले. इंग्लंडमध्ये या गोष्टीचा चांगला उपयोग झाला. तिथे 'मक्यावर वाढवलेली' कोंबडी महाग विकली जाते. युरोपातील नियमानुसार असे लिहायचे असेल तर वाढीच्या बहुतेक काळात तिच्या खाद्यात निदान निम्मा मका हवा. तिथल्या कोंबड्यांचे नेहमीचे धान्य गहू. गहू एका गटातला, मका दुसऱ्या. त्यामुळे मांसातला कार्बन मोजून दावा तपासता येतो, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवले गेले.

आता हीच युक्ती चाकूरला लावून पाहा. इथेच गंमत आहे, किंवा अडचण म्हणा. आपल्याकडे पोल्ट्रीच्या खाद्यात मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड असते. आजीची कोंबडी ज्वारी टिपते. मका आणि ज्वारी एकाच गटातले! कार्बनला त्यांच्यातला फरक कळत नाही. इंग्लंडची युक्ती जशीच्या तशी इथे लावली, तर प्रामाणिक आजीलाच खोटे ठरवण्याची वेळ येईल.

मधाच्या बाबतीतही असेच घडले. मधमाश्या बहुतेक पहिल्या गटातल्या फुलांवर जातात. त्यामुळे मधात उसाचा पाक मिसळला की कार्बनवरून चोरी उघडी पडते. मग भेसळ करणाऱ्यांनी तांदळाचा पाक वापरायला सुरुवात केली. तांदूळ पहिल्याच गटातला!

म्हणून दुसरा साक्षीदार लागतो. तो म्हणजे नायट्रोजन. त्याचेही हलके आणि जड असे दोन प्रकार आहेत. एका जिवाने दुसऱ्याला खाल्ले की खाणाऱ्याच्या शरीरात जड नायट्रोजनचे प्रमाण थोडे वाढते. किड्याने पान खाल्ले, एक पायरी वाढली. कोंबडीने किडा खाल्ला, आणखी एक पायरी. उलट सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी थेट हवेतला नायट्रोजन घेतात, त्यामुळे तिच्या पेंडीत जड नायट्रोजन कमीच असतो. न्यूझीलंडमध्ये कॅरिन रॉजर्स यांनी अठरा प्रकारची अंडी तपासली. २००९ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. मोकळ्या आणि सेंद्रिय पद्धतीने पाळलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांत जड नायट्रोजन साधारणपणे जास्त निघाला. पण मोकळ्या कोंबड्यांचे म्हणून विकलेले एक आणि सेंद्रिय म्हणून विकलेले दोन नमुने पिंजऱ्यातल्या अंड्यांसारखेच होते.

हे तीन विक्रेते लबाड होते का? रॉजर्स यांनी तसा निकाल दिला नाही. कदाचित लेबल खोटे असेल, किंवा कोंबड्या बाहेर फिरूनही त्यांना पुरेसे किडे मिळाले नसतील, असे त्यांनी लिहिले. मला ही सावधगिरी आवडते. उलटही घडू शकते. पिंजऱ्यातल्या कोंबडीला खाद्यातून सुकट दिली, तर तिच्या अंड्यातही जड नायट्रोजन वाढेल.

तपासणीत वेळेचाही हिशेब ठेवावा लागतो. पिवळा बलक साधारण दहा दिवसांत वाढतो, तर पांढरा भाग त्याच्याभोवती काही तासांतच चढतो. त्यामुळे एकाच अंड्यात वेगवेगळ्या दिवसांची नोंद असते. पीस तर आणखी जुनी वही आहे. पिसाचे टोक आधी तयार होते आणि बुडखा शेवटी. वाढ पूर्ण झाली की त्यात बदल होत नाही. पिसाचे बारीक तुकडे करून क्रमाने तपासले, तर कोंबडीचे खाद्य मध्येच बदलले का, हे समजू शकते.

चाकूरच्या आजीला असा पुरावा द्यायचा असेल, तर आधी इथलीच ज्वारी, इथलीच पेंड, इथले किडे आणि गवत तपासून आकडे मांडावे लागतील. पावसाळ्यात किडे भरपूर, उन्हाळ्यात उकिरडाही कोरडा, म्हणून नमुने वर्षभर घ्यावे लागतील. त्यांच्याशी ताडून पाहायला अशी अंडीही लागतील, जी घालणाऱ्या कोंबडीने काय खाल्ले हे आधीच पक्के ठाऊक आहे. ती प्रयोगशाळेत मिळत नाहीत. ज्या घरात दादी रोज संध्याकाळी मूठभर ज्वारी फेकून कोंबड्या मोजून खुराड्यात कोंडते, तिथे मिळतात.