सहयोगी ऑनलाइन ज्ञानकोश आणि शालेय माध्यम साक्षरता

प्रस्तावना :
प्रकल्पवही पूर्ण करण्यासाठी विकिपीडियावरील मजकूर जसाच्या तसा उतरवून घेणारे विद्यार्थी आणि त्या संकेतस्थळाच्या वापरास सरसकट मनाई करणारे शिक्षक, असे दोन्ही प्रकार शाळांमधून आढळतात. पहिल्या प्रकारात पडताळणी होत नाही. दुसऱ्यात ती शिकविण्याची संधी हातची जाते. असे विद्यार्थी पुढे महाविद्यालयात येतात, तेव्हा माहिती कोठून आली हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांना नसते. युनेस्कोने २०११ मध्ये शिक्षकांसाठी माध्यम व माहिती साक्षरतेचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्यातही माहितीचे मूल्यमापन करण्याच्या क्षमतेला महत्त्वाचे स्थान आहे. ही क्षमता विकसित करण्यासाठी सहयोगी ज्ञानकोशाचा उपयोग कसा करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ज्ञानकोशाचे बदललेले स्वरूप :
मराठीला कोशवाङ्मयाची समृद्ध परंपरा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश ही तिची ठळक उदाहरणे होत. विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते. वाचकाचा विश्वास लेखकाच्या अधिकारावर आणि संपादक मंडळावर आधारलेला असतो. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने हा आधारच बदलला. मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी सुरू झाली. येथे लेखकाच्या पदवीपेक्षा विधानास दिलेला संदर्भ महत्त्वाचा ठरतो. तटस्थ दृष्टिकोन, पडताळणीयोग्यता आणि अप्रकाशित संशोधनास मनाई ही या कोशाची तीन मूलभूत धोरणे आहेत.

एक बोलके उदाहरण :
फेब्रुवारी २००९ मध्ये कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांची जर्मनीचे अर्थव्यवस्था मंत्री म्हणून निवड झाली. त्यांच्या दहा नावांच्या लांबलचक मालिकेत एका अज्ञात व्यक्तीने जर्मन विकिपीडियावर 'विल्हेल्म' हे अकरावे नाव घुसडले. अनेक वृत्तपत्रांनी ते न तपासता छापले. पुढे विकिपीडियावर या नावाविषयी शंका उपस्थित झाली, तेव्हा त्याच बातम्यांचा पुरावा म्हणून आधार घेतला गेला. ही चूक केवळ कोशाची नव्हती. छापील माध्यमेही तिच्यात सहभागी होती. चार ठिकाणी तीच माहिती आढळली म्हणजे चार स्वतंत्र पुरावे मिळाले असे होत नाही, हा माध्यम साक्षरतेतील महत्त्वाचा धडा या घटनेतून मिळतो.

वर्गातील उपयोजन :
१) संदर्भांची तपासणी : विद्यार्थ्यांनी आपल्या गावावरील किंवा तालुक्यावरील लेख निवडावा. प्रत्येक विधानास संदर्भ आहे काय, दुवा उघडतो काय आणि मूळ स्रोतात तेच म्हटले आहे काय, हे पाहावे. 'संदर्भ हवा' ही खूण कोठे लावता येईल, याची चर्चा करावी.
२) इतिहासाचे वाचन : 'इतिहास' या कळीवर लेखातील प्रत्येक बदल तारखेसह दिसतो. कोणते वाक्य केव्हा आले आणि केव्हा वगळले गेले, हे पाहताना मजकूर हा घडविलेला असतो, याची जाणीव विद्यार्थ्यांना होते.
३) चर्चापानाचे वाचन : मतभेद कोणत्या मुद्द्यावर आहेत आणि पुरावा कोणी दिला, हे येथे समजते.
४) तुलना : एकाच विषयावरील विश्वकोशातील नोंद व विकिपीडियावरील लेख समोरासमोर ठेवून काय आले आणि काय सुटले, याची यादी करावी.
५) लेखन : प्रथम 'धूळपाटी'वर सराव करावा. पूर्वी मुले ज्या धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, तिचेच नाव मराठी विकिपीडियाने सरावपानास दिले आहे.

विकिमीडिया फाउंडेशनने याच दिशेने शिक्षकांसाठी आखलेला वर्गवाचनाचा उपक्रम प्रथम बोलिव्हिया, मोरोक्को व फिलिपिन्स या देशांत राबविला गेला.

मर्यादा :
इंग्रजीच्या तुलनेत मराठी विकिपीडियाचे सक्रिय संपादक फार थोडे आहेत. त्यामुळे चुकीचा मजकूर दीर्घकाळ तसाच राहू शकतो. मात्र, याच कारणाने तपासणीचा सराव करण्यास तेथे भरपूर वाव आहे. विद्यार्थ्यांनी आपली वैयक्तिक माहिती उघड करू नये आणि मुख्य लेखातील बदल शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावेत, ही दक्षता आवश्यक आहे.

समारोप :
सहयोगी ज्ञानकोश निर्दोष आहे म्हणून तो वर्गात आणावयाचा नाही, तर त्याचे दोष आणि दुरुस्त्या उघडपणे पाहता येतात म्हणून आणावयाचा आहे. वृत्तपत्र वाचकाला आपली कच्ची प्रत दाखवीत नाही. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या संदेशाचा उगम सापडत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेले उत्तर कसे तयार झाले, हेही वाचकाला दिसत नाही. माहिती कशी घडते हे जेथे पाहता येते, तेथे तपासणी शिकलेला विद्यार्थीच इतर माध्यमांना योग्य प्रश्न विचारू शकेल. त्यासाठी अध्यापक महाविद्यालयांनी भावी शिक्षकांना प्रथम 'इतिहास' आणि 'चर्चा' ही दोन पाने वाचावयास शिकविणे अगत्याचे आहे.