वाघ्याच्या डोक्याला काम

दुपारची भांडी आवरून कुणी शेंगा फोडत, कुणी वाकळ शिवत रेडिओ लावून बसल्या असाल. गाई-म्हशींचा चारा, शेळ्यांचं लसीकरण, कोंबड्यांची मर यावर आपण इथे पुष्कळदा बोललो. पण उंबऱ्यापाशी बसलेल्या कुत्र्याबद्दल कधीच बोललो नाही. त्याला शिळी भाकरी टाकली की आपलं काम संपलं, असं मलाही वाटायचं. ते खरं नाही, हे मला आमच्या वाघ्याने शिकवलं. तेच आज सांगते.

आमच्या वस्तीवर आधी बारा शेळ्या होत्या. वाघ्या सकाळी त्यांच्याबरोबर माळाला जायचा आणि दिवस मावळताना परत यायचा. दोन वर्षांपूर्वी पाण्याची टंचाई झाली आणि शेळ्या विकाव्या लागल्या. त्यातच वस्तीजवळून मोठा रस्ता गेला. गाडीखाली येईल म्हणून आम्ही वाघ्याला लिंबाखाली साखळीला बांधलं. सकाळी एक भाकरी, रात्री एक भाकरी, पाण्याचं भांडं. आम्हाला वाटलं, बरं चाललंय त्याचं.

महिन्याभरात तो बदलला. रात्रभर भुंकायचा. साखळीच्या टप्प्यात गोल गोल फिरून त्याने जमिनीत चाकोरी पाडली. पायरीवरची चप्पल फाडली, तुळशीकट्ट्याजवळ खड्डा खणला, स्वतःचे पंजे चाटून चाटून केस घालवले. एक दिवस धाकटी लेक त्याच्यासमोरची ताटली उचलायला गेली आणि त्याने तिच्या हाताला दात लावला. जखम लहान होती, पण कुत्र्याच्या दाताला लहान-मोठं काही नसतं. आम्ही वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं हात धुतला. हळद, चुना काही लावलं नाही. सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन इंजेक्शनं सुरू केली. लेक बरी आहे.

पण घरात वाघ्याचा निकाल लागला होता. आमचे हे म्हणाले, "टेम्पोत घालतो आणि घाटात सोडून येतो." मीही गप्प बसले. लेकीच्या हाताला पट्टी असताना कोणत्या तोंडाने बोलणार? तेव्हा सासूबाई बोलल्या. "शेळ्या गेल्या तशी त्याची चाकरी गेली. काम नाही म्हणून ते जनावर पिसाटलंय. रिकामं बसवलं तर माणूसही असाच होतो." त्यांचं बोलणं मनाला लागलं.

सयांनो, जनावराला खाणं जसं लागतं, तसं खाणं शोधणंही लागतं. कुत्र्याच्या पूर्वजांचा दिवस वास घेण्यात, माग काढण्यात, उकरण्यात जायचा. ती ओढ आजच्या कुत्र्यातही आहे. आपण ताटलीत भाकरी कुस्करून देतो आणि ती दोन मिनिटांत संपते. मग उरलेल्या दिवसाचं त्याने काय करायचं? तो दोर चावतो, खड्डे खणतो, उगाच भुंकतो. आपण म्हणतो, कुत्रं खोडकर झालं. खरं तर ते कंटाळलेलं असतं.

याचा अभ्यासही झालाय. ग्लेन जेन्सन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६३ साली उंदरांवरचा एक प्रयोग छापला. उंदरांपुढे खाण्याने भरलेलं भांडं ठेवलेलं होतं. शेजारी एक दांडी होती, ती दाबली की खाण्याचा एकेक दाणा पडायचा. फुकटचं खाणं समोर असतानाही बरेच उंदीर दांडी दाबून मिळवलेलं खात होते. पुढे कबुतरं, कोंबड्या अशा इतर प्राण्यांतही हे दिसलं. कष्टाची भाकरी गोड लागते, हे आपण म्हणतोच. जनावरांनाही ती गोड लागते.

म्हणून शहरात कुत्र्यांसाठी खाऊची खेळणी मिळतात. आत खाऊ भरायचा आणि कुत्र्याने चाटून, ढकलून, डोकं लढवून तो बाहेर काढायचा. किंमत ऐकून आपण मागे सरतो. पण यातल्या एका प्रसिद्ध रबरी खेळण्याची सुरुवात भंगारातूनच झाली. १९७०च्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडो इथल्या जो मार्कहॅम यांचा कुत्रा दगड चावून दात झिजवत होता. गाडी दुरुस्त करताना त्यांनी फोक्सवॅगन गाडीचा एक रबरी भाग त्याच्याकडे टाकला. कुत्रा दगड सोडून त्याच्याशी खेळायला लागला. त्यावरून पुढे ते खेळणं तयार झालं. तेव्हा आपल्यालाही बाजारात जायची गरज नाही.

मात्र खेळाकडे वळण्याआधी एक काम करा. कुत्रा अचानक चिडका झाला असेल तर आधी जनावरांच्या दवाखान्यात दाखवा. कान दुखत असेल, दात किडला असेल, जखम असेल तरीही कुत्रा अंगावर येतो. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या. वाघ्याला आम्ही आधी तपासून घेतलं, मगच पुढचं सुरू केलं. आम्ही केलेले चार खेळ सांगते. सोप्यापासून अवघडाकडे जायचं.

पहिला खेळ पाचोळ्याचा. घमेल्यात किंवा जुन्या टोपलीत कोरडा पाचोळा नाहीतर स्वच्छ कडब्याचे तुकडे घ्या. त्यात भाकरीचे बोराएवढे तुकडे टाका. पहिल्या दिवशी तुकडे वरच दिसू द्या, मग हळूहळू आत लपवा. कुत्रा नाकाने हुंगून शोधतो. हुंगण्याने कुत्र्याचं डोकं दमतं आणि शांतही होतं. बुरशी आलेला पाचोळा घेऊ नका.

दुसरा खेळ करवंटीचा. नारळाच्या तीन करवंट्या जमिनीवर पालथ्या ठेवा. कडा दगडावर घासून गुळगुळीत करा. एकीखाली तुकडा ठेवा, त्याला दाखवून ठेवा. तो नाकाने किंवा पंजाने करवंटी उलटवेल. जमायला लागलं की न दाखवता ठेवा. करवंटी चघळायला लागला तर लगेच उचला.

तिसरा खेळ तरटाच्या गुंडाळीचा. हातभर तरटाचा तुकडा अंथरा, त्यावर तुकडे पसरा आणि चटईसारखी सैल गुंडाळी करा. कुत्रा नाकाने ती उलगडत जातो. नंतर तेच तरट दुमडून गुंडाळा म्हणजे थोडं अवघड होईल. तरटाचे धागे निघायला लागले की ते टाकून द्या.

चौथा खेळ बाटलीचा. पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली धुऊन घ्या. झाकण, झाकणाखालचं कडं आणि कागद काढून टाका. तापवलेल्या सळईने तीन-चार भोकं पाडा, तुकडा सहज पडेल एवढी मोठी. कडा टोचत नाहीत ना, बोट फिरवून बघा. आत कडक भाकरीचे तुकडे घाला. बाटली लोटली की एखादा तुकडा पडतो. हा खेळ तुम्ही समोर असतानाच द्या आणि संपला की बाटली उचलून ठेवा. चावून फाटलेली बाटली परत द्यायची नाही.

खाऊ कोणता? वेगळा आणायचा नाही. रोजच्या भाकरीतलाच थोडा भाग खेळात द्या आणि बाकीची नेहमीसारखी घाला. नाहीतर कुत्रं सुटेल आणि भाकरीही जास्त लागेल. खेळ १० ते १५ मिनिटांचा पुरे. तो हुंगून कंटाळला, चिडून भुंकायला लागला तर खेळ अवघड झाला असं समजा आणि सोपा करा. जिंकल्याचा आनंद त्याला मिळालाच पाहिजे.

आता सावधगिरी, आणि हे नीट ऐका. खताचं पोतं आणि फवारणीच्या औषधाची बाटली कितीही धुतली तरी या कामाला वापरायची नाही. एकदाही नाही. नायलॉनची दोरी, सुतळी, लहान मुलांचे मऊ फुगे खेळायला देऊ नका. पोटात गेले तर आतडं अडकतं. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात. कांदा-लसणाचं कालवण लागलेली भाकरीही खेळात नको. शिजवलेली हाडं फुटून घशात टोचतात, तीही नकोत.

सर्वांत महत्त्वाचं मुलांबद्दल. कुत्रा खात असताना किंवा खाऊच्या खेळण्याशी असताना मुलांनी जवळ जायचं नाही. खेळणं हिसकायचं तर मुळीच नाही. आम्ही वाघ्याचा खेळ लिंबाखाली एका बाजूला ठेवतो आणि घरातलं मोठं माणूस लांब उभं राहतं. खेळणं परत हवं असेल तर लांब एक तुकडा टाकायचा, तो तिकडे गेला की उचलायचं. दोन कुत्री असतील तर दोघांना वेगळं ठेवून द्या, नाहीतर खेळाचं भांडण होईल. या खेळाने वाघ्याची ताटलीवरची गुरगुर गेली नाही. ती आम्ही अंतर ठेवूनच सांभाळतो.

आणि एवढा खेळ दिला म्हणजे दिवसभर बांधून ठेवायला मोकळे झालो, असं समजू नका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपल्या देशाचा १९६० सालचा कायदा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर ती क्रूरता आहे, असं तो सांगतो. पाळलेलं जनावर कारण नसताना वाऱ्यावर सोडून देणं हाही त्या कायद्याने गुन्हा आहे. घाटात सोडून यायची गोष्ट म्हणून नुसती पापाची नव्हती. आता मी सकाळी पाण्याला जाताना आणि लेक संध्याकाळी शाळेतून आल्यावर आमच्या ह्यांच्याबरोबर त्याला दोरीने बांधावरून फिरवून आणतो. त्याला जिथे हुंगायचं तिथे थांबू देतो.

फरक किती पडला? तिसऱ्या आठवड्यात रात्रीचं भुंकणं कमी झालं. पंजावर केस आले. गोल फिरणं जवळजवळ थांबलं. मोटारसायकल दिसली की अजूनही भुंकतो, ते काही सुटलं नाही. पण सकाळी मी टोपली हातात घेतली की शेपूट हलवत उभा राहतो, शेळ्या सोडायच्या वेळी राहायचा तसाच. सासूबाई म्हणतात, त्याला नवी चाकरी मिळाली.

परसातल्या कोंबड्यांनाही हे लागू पडतं. खुराड्यात कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, ते तुम्ही पाहिलं असेल. दाटी, अंगावरच्या उवा, खाण्यातली कमतरता ही कारणं आधी बघायची. पण उकरायला काही नसणं हेही एक कारण आहे. मेथीची, राजगिऱ्याची किंवा घोळीची जुडी त्यांच्या मानेच्या उंचीवर टांगा, त्या टोचत बसतील. दाणे भांड्यात न देता कोरड्या भुशात पसरा, म्हणजे त्या उकरत राहतील. चोच हिरव्या पाल्याला लागली की शेजारणीच्या पाठीवर कमी पडते.

मांजर मात्र मांजरच! २०२१ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाने १७ घरगुती मांजरांचा अभ्यास छापला. बहुतेक मांजरांनी कोडं सोडून फुकटचं ताटच पसंत केलं. म्हणून मांजरावर जबरदस्ती नको. चार तुकडे घरात चार ठिकाणी ठेवा, आवडलं तर शोधेल.

सयांनो, एक काम देते. पुढच्या गटाच्या बैठकीपर्यंत आठ दिवस एकच खेळ करा, पाचोळ्याचा. रोज रात्री वहीत एवढंच लिहा: आज कुत्रा किती वेळ हुंगत होता आणि रात्री किती वेळा उठवलं. लिहिता येत नसेल तर लेकराला सांगा किंवा भिंतीवर कोळशाने रेघा मारा. बैठकीत सगळ्यांच्या रेघा शेजारी शेजारी ठेवून बघा. पैसा लागणार नाही, लागेल ती एक टोपली आणि दहा मिनिटं.

आपण बाया घरात सगळ्यांच्या भुकेचा हिशेब ठेवतो. दारातल्या मुक्या जिवाला भाकरीशिवायची एक भूक असते, तीही त्या हिशेबात धरूया. पुढच्या भागात भेटू, परसातल्या भाजीची गोष्ट घेऊन. नमस्कार!