मोझांबिक बेट : एका देशाला नाव देणारे शहर आणि त्याची आजची परीक्षा

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आहे. मात्र ज्या बेटावरून या देशाला नाव मिळाले ते अवघे तीन किलोमीटर लांब आहे आणि त्याची रुंदी कुठेही अर्ध्या किलोमीटरच्या पुढे जात नाही. चालत निघालेला माणूस तासाभरात त्याचे एक टोक सोडून दुसरे गाठू शकतो. पोर्तुगीज भाषेत ‘इल्या द मोसांबिक’ म्हणजे मोझांबिक बेट या नावाने ओळखले जाणारे हे शहर देशाच्या उत्तरेकडील नाम्पुला प्रांतात येते. युनेस्कोने १९९१ साली त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. पण वारसास्थळ म्हणून त्याची जेवढी ख्याती आहे, तेवढीच बिकट त्याच्या नगरपालिकेची रोजची कामे आहेत : पाण्याचा निचरा, कचरा, शौचालये, घरांची छपरे आणि वादळानंतरची डागडुजी.

गोवा व कोकण किनाऱ्याशी ज्यांचे नाते आहे, त्यांना या बेटाचा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. सुमारे अडीच शतके या बेटाचा कारभार गोव्यातून चालत होता.

शेखाचे नाव, पोर्तुगिजांचा तळ

पोर्तुगीज येण्यापूर्वी हे बेट पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली बंदरांच्या साखळीतील एक दुवा होते. अरबी समुद्र आणि तांबडा समुद्र ओलांडून येणारी तारवे येथे थांबत, गलबते बांधली जात, कापड आणि सोन्याची देवघेव होई. मार्च १४९८ मध्ये वास्को द गामा येथे पोहोचला, तेव्हा बेटावर मुसलमान शेखाची सत्ता होती. त्या शेखाच्या नावावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला ‘मोसांबिक’ म्हणावयास सुरुवात केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मुसा बिन बिक, मुसा अल बिक अशी त्या नावाची निरनिराळी रूपे सांगितली जातात. बेटाचे हेच नाव पुढे समोरच्या किनाऱ्याला आणि अखेर संपूर्ण देशाला मिळाले.

१५०७ मध्ये पोर्तुगिजांनी येथे कायमचा तळ उभारला. बेटाच्या उत्तर टोकावरील ‘नोसा सेन्योरा दु बालुआर्ते’ हे छोटे प्रार्थनामंदिर १५२२ चे असून, दक्षिण गोलार्धात आजही उभ्या असलेल्या युरोपीय वास्तूंपैकी ते सर्वांत जुने समजले जाते. त्याच्या लगतच्या साओ सेबास्तियाओ किल्ल्याचे बांधकाम १५५८ मध्ये सुरू झाले आणि ते १६२० पर्यंत चालले. बांधकाम पूर्ण होण्याआधीच, १६०७ आणि १६०८ अशा लागोपाठ दोन वर्षी, डचांनी त्याला वेढा घातला. दोन्ही वेळा किल्ला हाती लागला नाही. मुरूडच्या जंजिऱ्याची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. फरक इतकाच की जंजिऱ्यात गोड्या पाण्याची तळी आहेत, तर मोझांबिक बेटावर गोड्या पाण्याचा झराच नाही. किल्ल्याने तग धरला तो पावसाचे पाणी साठवणाऱ्या भल्यामोठ्या टाक्यामुळे.

वाऱ्याच्या वेळापत्रकावरचे शहर

एवढ्या लहान, निर्जळ बेटाला महत्त्व आले ते मोसमी वाऱ्यांमुळे. लिस्बनहून वसंत ऋतूत निघालेली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून उन्हाळ्याच्या अखेरीस येथे पोहोचत. नैर्ऋत्येचा वारा शिल्लक असेल तर ती गोव्याकडे रवाना होत. वारा चुकला, तर पुढील हंगामापर्यंत सारा काफिला बेटावर अडकून पडे. फ्रान्सिस झेवियर हे ऑगस्ट १५४१ पासून मार्च १५४२ पर्यंत असेच येथे थांबले होते. या काळात त्यांनी आजारी खलाशांची शुश्रूषा केली आणि त्यानंतर ते मे महिन्यात गोव्यास पोहोचले. लांबच्या प्रवासात स्कर्व्ही आणि तापाने खंगलेले कित्येक प्रवासी या बेटाच्या पुढे गेलेच नाहीत.

परतीच्या वाटेवरही हीच अडचण येई. पोर्तुगीज भाषेचे महाकवी लुईश द कामोंइश गोव्याहून निघाले आणि १५६७ च्या सुमारास येथे पैशांअभावी अडकले. दोन वर्षांनी इतिहासकार दियोगु दु कोतु आणि इतर मित्रांनी त्यांच्या प्रवासखर्चाची सोय केली. त्यांचे महाकाव्य लिस्बनमध्ये १५७२ साली छापले गेले. त्यांचा पुतळा आज बेटाच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभा आहे.

गोव्याचा अंमल, दीवचे कापड, माणसांचा व्यापार

प्रशासकीयदृष्ट्या हे बेट पोर्तुगिजांच्या ‘एस्तादु दा इंदिया’ या राज्याचा भाग होते. त्याची राजधानी गोवा होती, त्यामुळे बेटावरील कप्तान गोव्याच्या व्हाइसरॉयला जबाबदार असे. पुढे १६९८ मध्ये मोंबासा ओमानच्या अरबांनी घेतले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई जिंकली. हिंदी महासागरातील पोर्तुगीज सत्ता अशी दोन्ही किनाऱ्यांवर आक्रसत असताना, १७५२ मध्ये लिस्बनने मोझांबिक गोव्यापासून वेगळे काढले आणि बेटाला स्वतंत्र वसाहतीच्या राजधानीचा दर्जा मिळाला.

राजकीय धागा तुटला तरी व्यापाराचा धागा तुटला नाही. आफ्रिकेच्या अंतर्भागातील हस्तिदंत आणि सोने विकत घेण्यासाठी नाण्यांपेक्षा भारतीय सुती कापडच अधिक चाले. तेच तिथले चलन होते. हे कापड प्रामुख्याने गुजरातेतून, दीव बंदरामार्गे येई. १६८६ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने दीव आणि मोझांबिक यांमधील व्यापाराचा मक्ता दीवच्या वाण्यांच्या मंडळीला दिला. हे व्यापारी बेटावर राहू लागले, उधारीवर माल देऊ लागले आणि काही काळातच पोर्तुगीज अधिकारीही त्यांचे ऋणको झाले. परतीच्या जहाजांतून जाणाऱ्या हस्तिदंताच्या बांगड्या पश्चिम भारतातील लग्नघरांत पोहोचत. त्या वस्तीची खूण म्हणून बेटावर आजही मशिदी आणि चर्चसोबत एक हिंदू मंदिर आहे. जुन्या गव्हर्नर निवासात आता संग्रहालय असून तेथे गोव्यात घडवलेले कोरीव लाकडी सामान पाहावयास मिळते.

याच बंदरातून माणसेही विकली गेली. येथून गुलाम गोव्यात आणि दीवला नेले जात. अठराव्या शतकात फ्रेंचांच्या मॉरिशस व रियुनियन येथील मळ्यांसाठी, आणि नंतर ब्राझील व क्युबासाठी ही मागणी प्रचंड वाढली. डिसेंबर १७९४ मध्ये ‘साओ जुझे’ हे जहाज चारशेहून अधिक गुलाम घेऊन या बेटावरून ब्राझीलकडे निघाले आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला केप टाउनजवळ खडकांवर आपटून फुटले. दोनशेहून अधिक बंदिवान बुडाले. वाचलेल्यांना केपमध्ये पुन्हा विकण्यात आले. या जहाजाच्या अवशेषांची ओळख पटल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा बेटासमोरील मोसुरिल येथील माती नेऊन ती त्या ठिकाणी समुद्रात अर्पण करण्यात आली. बेटाच्या देखण्या वास्तूंचा हिशेब मांडताना ही बाजू वगळता येत नाही.

दगडाचे गाव आणि झापांचे गाव

बेटाचे दोन भाग पडतात. उत्तरेकडे दगडी शहर : प्रवाळयुक्त चुनखडीच्या जाड भिंती, चुन्याचे रंग, सपाट धाबी. ही धाबी पावसाचे पाणी गोळा करून घराखालील टाक्यांत सोडत. सोळाव्या शतकापासून बांधकामाची तीच पद्धत, तेच साहित्य आणि तीच सजावट सातत्याने वापरली गेली, हे युनेस्कोने नोंदवलेले या शहराचे प्रमुख वैशिष्ट्य आहे.

दक्षिणेकडे माकुती शहर आहे. ‘माकुती’ म्हणजे माडाच्या झावळ्यांचे शाकारलेले छप्पर. कोकणात ज्यांना झापे म्हणतात, त्यांच्याच जातीचे. दगडी शहरासाठी लागणारा दगड याच भागातून खणून काढला गेला. परिणामी माकुती शहरातील वाड्या रस्त्याच्या पातळीखाली, जुन्या खाणींच्या खड्ड्यांत वसल्या आहेत. पावसाळ्यात उत्तरेकडचे पाणी समुद्राला मिळते. दक्षिणेकडचे मात्र घरांच्या उंबऱ्याशी साचते. एका वस्तीची उंची दुसऱ्या वस्तीच्या खोलीतून आली, ही गोष्ट बेटावर नुसत्या डोळ्यांनी दिसते. बेटावरील सुमारे १४ हजार रहिवाशांपैकी बहुसंख्य लोक याच खोलगट भागात राहतात, तर दगडी शहरातील अनेक मोठ्या इमारती रिकाम्या किंवा पडक्या आहेत.

ही विषमता वाढण्यामागे गेल्या सव्वाशे वर्षांच्या घटना आहेत. १८९८ मध्ये राजधानी दक्षिणेला लोरेंसु मार्केश, म्हणजे आजच्या मापुतो येथे गेली. ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींशी रेल्वेने जोडलेले ते बंदर सरकारला अधिक सोयीचे होते. पुढे उत्तरेकडील नाकालाच्या खोल बंदराने उरलीसुरली जहाजेही ओढून घेतली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगीज सरकारने मोझांबिकमधील भारतीय नागरिकांना स्थानबद्ध करून देशाबाहेर काढले आणि पिढ्यान्‌पिढ्यांची व्यापारी कुटुंबे पांगली. २५ जून १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा बहुतेक पोर्तुगीज निघून गेले. त्यानंतर १९७७ ते १९९२ या यादवीच्या काळात मुख्य भूमीवरील हजारो निर्वासितांनी बेटावर आसरा घेतला. मालक गेले, भाडेकरू बदलले. पण घरांची देखभाल करील असा कोणी उरला नाही.

नगरपालिकेपुढील कोडे

मोझांबिकमध्ये पहिल्या स्थानिक स्वराज्य निवडणुका १९९८ मध्ये ३३ शहरांत झाल्या आणि त्यांत या बेटाचा समावेश होता. नगरपालिकेच्या हद्दीत बेटाबरोबर मुख्य भूमीवरील लुंबो परिसरही येतो. दोहोंना जोडणारा सुमारे तीन किलोमीटरचा पूल १९६० च्या दशकात बांधला गेला. तो एकेरी आहे. समोरून वाहन आले की मध्ये ठेवलेल्या रुंद जागी थांबून त्याला वाट द्यावी लागते. येथील मतदार कोणा एका पक्षाचे बांधील नाहीत. देशात फ्रेलिमो पक्षाची सत्ता अखंड राहिली असली, तरी २००३ आणि २०१८ मध्ये या शहराने विरोधी रेनामो पक्षाला निवडून दिले.

सत्तेवर कोणीही असो, प्रश्न तेच राहतात. वारसा जपण्याच्या नियमांनुसार माकुती शहराची ओळख टिकायला हवी, म्हणजे छपरे झावळ्यांचीच हवीत. परंतु झापे काही वर्षांतच बदलावी लागतात, ती मुख्य भूमीवरून आणावी लागतात आणि दाटीच्या वस्तीत आगीची भीती असते. मासेमारीवर पोट असलेले कुटुंब एकदा हातात पैसे आले की पत्रा घालते. पत्रा तापतो आणि गंजतो, पण दरवर्षी नव्याने खर्च करावा लागत नाही. संवर्धनाच्या दृष्टीने ही हानी आहे. घरमालकाच्या दृष्टीने ती बचत आहे. नियम मोडला म्हणून दंड करावा, तर गरिबाने जागतिक वारशाचा खर्च स्वतःच्या खिशातून का करावा, हा प्रश्न उरतोच.

स्वच्छतेचा प्रश्न याहून अवघड आहे. दाट वस्ती, घरटी शौचालयांचा अभाव आणि भूपृष्ठाखाली लगेच लागणारा खडक यांमुळे कित्येकांना समुद्रकिनाराच वापरावा लागतो. याच किनाऱ्यावर पर्यटक यावेत, अशी अपेक्षा आहे.

त्यात वादळांची भर पडली आहे. ११ मार्च २०२२ रोजी ‘गोंबे’ चक्रीवादळ बेटासमोरील मोसुरिल जिल्ह्यात धडकले आणि बेटावरील घरांचे मोठे नुकसान झाले. तीनच वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, ‘ज्यूड’ चक्रीवादळाने त्याच जिल्ह्यात भूमीवर प्रवेश केला. पाच शतके उभी असलेली दगडी भिंत असा मार बहुधा सोसते. झापांचे वा पत्र्याचे छप्पर सोसत नाही.

जिवंत राहिलेले शहर

तरीही हे बेट केवळ अवशेषांचे गाव नाही. येथे मखुवा भाषेची नाहारा ही बोली बोलली जाते आणि तिच्यात अरबी व स्वाहिली शब्दांची सरमिसळ आहे. बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. स्त्रिया वनस्पतीच्या खोडापासून उगाळलेला ‘मुसिरो’ हा पांढरा लेप चंदनासारखा चेहऱ्याला लावतात, आणि डफाच्या तालावर रंगणारे ‘तुफो’ हे स्त्रियांचे समूहनृत्य सणासमारंभांत आजही होते. हा वारसा दगडी शहरापेक्षा माकुती शहरानेच अधिक जपला आहे.

म्हणूनच बेटाच्या संवर्धनाचा विचार आता दोन्ही वस्त्यांचा एकत्रित करावा लागणार आहे. किल्ल्याच्या दुरुस्तीसाठी परदेशी मदत मिळाली, कारण किल्ला साऱ्या जगाला दिसतो. खड्ड्यातील वाडीसाठी गटार बांधणे, वादळाला टिकेल अशी शाकारणी परवडेल अशा दरात उपलब्ध करून देणे आणि प्रत्येक घराला शौचालय देणे ही कामे छायाचित्रात येत नाहीत. पण ज्यांनी हे शहर वसते ठेवले, ते लोक या कामांवाचून बेटावर किती काळ राहू शकतील, यावरच या वारशाचे भवितव्य ठरेल.