वस्त्राचें मोल

अंबाजोगाईस मुकुंदराजांच्या समाधीचें दर्शन घेणाऱ्या सुशिक्षित मनुष्यास दासोपंतांच्या पासोडीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनीं पंचीकरणाचा विषय लिहून काढला, आणि तें वस्त्र चारशें वर्षें लोटलीं तरी जपलेलें आहे. ज्या बीड जिल्ह्यांत कापडाचा असा सन्मान झाला, तेथला कापूस आज ज्या बाजारांत जातो, तेथें मात्र कपडा टिकावा अशी अपेक्षा विकणाराचीहि नसते व घेणाराचीहि नसते. दर महिन्याला नवी तऱ्हा निघावी आणि जुनी अंगावर घेण्याची लाज वाटावी, यावरच हा धंदा चालतो. या धंद्याचा भार कोणावर पडतो, हें पाहणें आपल्यासारख्या कुटुंबांचें कर्तव्य आहे.

गेवराई, माजलगांव, वडवणी, धारूर या भागांत कापूस हें शेतकऱ्याचें नगदी पीक. पाऊस बेभरवशाचा, बरीचशी जमीन कोरडवाहू. २००२ सालीं आपल्या देशांत बीटी कापसाच्या बियाण्यास परवानगी मिळाली. बोंडअळीचा त्रास टळेल व फवारणीचा खर्च वांचेल अशी आशा लोकांनीं धरली. प्रारंभीं ती बरीचशी खरीहि ठरली. परंतु शेंदरी बोंडअळीनें त्या बियाण्यास दाद देणें सोडलें, आणि २०१७ सालीं मराठवाड्यांत व विदर्भांत शेतेंच्या शेतें हातचीं गेलीं. ही अळी बोंडाच्या आंत असते. बाहेरून पीक हिरवेंगार दिसतें, आणि बोंड उकलावें तों आंत किडकी रुई! तोंपर्यंत बियाणें, खत, औषध यांचा खर्च होऊन गेलेला असतो.

आतां थोडा हिशेब करूं. २०२४-२५ च्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. खुल्या बाजारांत तो मिळेलच असें नसतें. सरकी काढल्यावर कापसाच्या वजनाच्या सुमारें एक-तृतीयांश रुई उरते. म्हणजे पाव किलो वजनाच्या सदऱ्यास, सुतांतली घट धरून, किलोभराच्या आंतच कापूस लागतो. दुकानांत तो सदरा हजारास विको कीं दोन हजारांस, शेतकऱ्याच्या पदरीं त्यांतले सत्तर रुपयांच्या आसपास पडतात. आणि पाऊस, अळी व कर्ज यांची सारी जोखीम त्याच्याच माथीं! वेचणी बहुधा बायकाच करतात. दिवसभर वांकून, बोंडांच्या टोंकदार काड्यांनीं बोटें ओरखडून घेत वेचलेल्या कापसाची मजुरी किलोवर मिळते, आणि एका सदऱ्यामागें ती थोड्याशा रुपयांपलीकडे जात नाहीं.

या साखळीचें दुसरें टोंक शिवणघरांत आहे. २४ एप्रिल २०१३ रोजीं बांगलादेशांत ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली व ११३४ माणसें मेलीं. भिंतींस तडे गेल्याचें आदल्या दिवशींच दिसलें होतें. तरीहि मजुरांस कामावर यावें लागलें, कारण परदेशच्या दुकानांस माल मुदतींत पाठवावयाचा होता. पुढच्याच महिन्यांत मोठ्या कंपन्या व कामगार संघटना यांच्यांत इमारतींच्या सुरक्षिततेबद्दल बंधनकारक करार झाला, आणि हजारों कारखान्यांची तपासणी होऊं लागली. गिऱ्हाइकें विचारूं लागलीं म्हणजे मालक ऐकतात, एवढें तरी यावरून सिद्ध होतें.

कोणी म्हणेल, आपण कपडे कमी घेतले तर या गरिबांचें पोट कसें चालावयाचें? शंका अगदीं रास्त आहे. शिवणकामामुळें असंख्य स्त्रियांच्या हातीं प्रथमच स्वतःचा पैसा आला, हें नाकारून चालणार नाहीं. म्हणून उपाय खरेदी बंद करण्याचा नव्हे. दहा स्वस्त कपड्यांचे पैसे चार चांगल्या कपड्यांस दिले, तर निदान रास्त मजुरी देण्यास जागा राहते. ती मजुरी खरोखर पोंचते कीं नाहीं, याची चौकशी मात्र गिऱ्हाइकानें सोडतां कामा नये. केवळ महागपणा ही न्यायाची खूण नव्हे. मोठें नांव लावलेला महाग कपडाहि त्याच शिवणघरांतून आलेला असूं शकतो.

एकत्र कुटुंबांत हें काम अधिक सोपें आहे. वडील भावाचा कोट धाकट्यास, आजीच्या लुगड्याची गोधडी, ही रीत आपल्याकडे दारिद्र्याची नव्हे, तर व्यवस्थितपणाची मानली जात असे. उलट आजच्या लग्नांतून आहेराच्या म्हणून दिल्या-घेतल्या जाणाऱ्या साड्या पाहा: देणारीस त्या आवडत नाहींत, घेणारी त्या नेसत नाहीं, आणि कपाटांतून कपाटांत त्यांचा प्रवास चालूच राहतो. पुढच्या कार्याची यादी करतांना घरांतील वडील माणसांनीं व सुनांनीं एकत्र बसून एवढाच प्रश्न विचारावा: हें वस्त्र कोणी अंगावर घालणार आहे काय? उत्तर नकारार्थी असेल, तर तें नांव यादींतून खोडण्यास कोणाचाहि मान कमी होत नाहीं.