वाशीम ते अकोला, दर पाच सेकंदांना एक

कपाशीला बोंडअळी आणि सोयाबीनला चक्रीभुंगा लागला की वाशीम जिल्ह्यात दोन ठिकाणी गर्दी वाढते: आधी कृषी केंद्रावर, मग दवाखान्यात. वऱ्हाडात कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही, ते 'औषध'. फवारताना अंगावर उडालं तरी औषध, आणि कोणी जिवावर उदार होऊन पोटात घेतलं तरी लोक सांगतात, 'औषध घेतलं'. अपघात विभागात डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, "कोणतं औषध?" उत्तर बहुतेक वेळा "पांढऱ्या डब्यातलं" एवढंच मिळतं.

त्याच खोलीत भिंतीच्या खिळ्याला किंवा ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात एक फुगा पडलेला असतो. पपईएवढा, रबराचा किंवा सिलिकॉनचा, एका टोकाला झडप, झडपेला मास्क. त्याचं नाव अंबू बॅग, बोलताना नुसती 'अंबू'. तिला वीज लागत नाही, पडदा नाही, बटण नाही. दाबली की रुग्णाच्या छातीत हवा जाते, सोडली की ती आपणहून फुगते आणि रुग्ण झडपेतून बाहेर श्वास टाकतो. मोठ्या माणसाच्या बॅगेत दीड लिटरच्या आसपास हवा मावते, पण एका वेळी अर्धा लिटरच द्यायची असते. पाच-सहा सेकंदांना एकदा, छाती जेमतेम उचललेली दिसेल इतपत.

ऐकायला सोपं वाटतं. मी एकदा प्रशिक्षणातल्या बाहुलीवर दाबून पाहिली. दहा मिनिटांत पंजा भरून आला, आणि त्याहून वाईट म्हणजे घाईघाईत मी दुप्पट वेगाने दाबत होतो. घाबरलेला माणूस अंबू नेहमी जोरात आणि भरभर दाबतो. मग हवा पोटात शिरते, पोट फुगतं, उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरते. फार जोर लावला तर फुप्फुसही फाटतं.

ही वस्तू आली डेन्मार्कहून. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ पेटली. ब्लेगडॅम रुग्णालयात दिवसाला पन्नासपर्यंत रुग्ण यायचे आणि श्वासाची यंत्रं मोजून सात. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ जणांपैकी २७ जण तीन दिवसांत गेले. तेव्हा ब्योर्न इबसेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं गेलं. २७ ऑगस्टला त्याने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी घालायला लावली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय शाखेचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने पिशव्या दाबत बसले. गर्दीच्या दिवसांत एका वेळी सत्तर रुग्णांचा श्वास त्यांच्या हातात होता. आपण ज्याला आयसीयू म्हणतो, त्याचा उगम या पाळ्यांत आहे.

त्या पिशवीला मात्र फुगण्यासाठी सिलिंडरचा वायू लागायचा. पुढे ट्रकचालकांच्या संपामुळे ऑक्सिजन अडेल अशी भीती निर्माण झाली, तेव्हा हेनिंग रुबेन हा डॉक्टर आणि होल्गर हेसे हा अभियंता आपणहून फुगणारी पिशवी करायच्या मागे लागले. पहिला नमुना सायकलच्या तारा वापरून केला, असं सांगतात. १९५६ मध्ये ती बाजारात आली.

आता वाशीमकडे येऊ. ऑरगॅनोफॉस्फेट जातीचं औषध शरीरात गेलं की नस आणि स्नायू यांच्यामधला निरोप थांबता थांबत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ-फेस, अंगाला घामाची धार, नाडी मंद, दंडावरचे स्नायू कातडीखाली किडे वळवळावेत तसे फडफडतात. छाती पाण्याने भरते. माणूस कोरड्या खाटेवर बुडत असतो. उतारा म्हणून अॅट्रोपिन देतात, दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत, छाती स्वच्छ होईपर्यंत. सिस्टर काखेत हात घालून पाहतात: काख कोरडी झाली म्हणजे उतारा लागू पडला. स्टेथोस्कोपच्या बरोबरीने या ओल्या-कोरड्या काखेवर उपचार चालतात, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही.

अॅट्रोपिन जास्त झालं की दुसरंच नाटक सुरू होतं. ताप चढतो, नाडी धावते, माणूस बरळतो, चादर चिमटीत धरून ओढतो, हवेतून काहीतरी वेचत राहतो. जन्मभर कापूस वेचलेल्या हाताचं हे वेचणं पाहून नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. "याले बाहेरचं लागलं," असं म्हणत कोणी अंगारा लावतं. हे विष चढल्याचं लक्षण नव्हे. डोस कमी करायची वेळ आल्याचं आहे.

खरी फसगत यानंतर होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण शुद्धीवर येतो, चहा मागतो, घरच्यांना ओळखतो. घरी सोयाबीन उभं, जनावरं बांधलेली. "सुट्टी देऊन टाका न साहेब." अशा वेळी राउंडवरचा जाणता डॉक्टर साधीच गोष्ट करायला सांगतो.

"काका, उशीवरून डोकं उचला."

काका हसतात, प्रयत्न करतात. मानेच्या शिरा ताठतात, डोकं हलत नाही.

"उचलून नाही राहिलं न."

इथून पुढे काही तासांत श्वास थांबू शकतो. विष पोटात गेल्यापासून साधारण २४ ते ९६ तासांत मान, खांदे, डोळे आणि अखेर छातीचे स्नायू दमून जातात. श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करलिअड्डे या डॉक्टरांनी १९८७ मध्ये या अवस्थेला 'इंटरमिजिएट सिंड्रोम' असं नाव दिलं. सुरुवातीची लाळ-घामाची लाट ओसरलेली असते आणि उशिरा येणारा पायांचा लुळेपणा अजून दूर असतो, त्या दोन्हींच्या मधला हा सापळा. यावर अॅट्रोपिन चालत नाही. कोणतंच औषध चालत नाही. आठवडा, दोन आठवडे श्वास दुसऱ्याने द्यायचा, स्नायू आपणहून परततात. महागड्या तपासणीआधी हे उशीवरून न उठणारं डोकं सांगतं, आणि ते बघायला कोणी तरी खाटेपाशी उभं असावं लागतं.

मण्यारीचंही असंच. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही धड दिसत नाही. पहाटे तो उठतो आणि म्हणतो, "पोटात लय दुखून राहिलं." गावात आम्लपित्ताची गोळी मिळते. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही. एका दमात आकडे म्हणायला लावले तर आधी वीसपर्यंत जाणारा माणूस आठावर अडकतो. अंगातलं सगळं बळ गेलं की बाहुल्याही उजेडाला दाद देत नाहीत आणि बघणाऱ्याला तो मेल्यासारखाच वाटतो. आत मात्र तो ऐकत असू शकतो. प्रतिविष दिलं तरी गेलेलं बळ लगेच परतत नाही, तोवर श्वास चालू ठेवला तर असे रुग्ण चालत घरी जातात. म्हणून मण्यारीच्या रुग्णाच्या उशाशी बसून तेराव्याचं बोलू नये.

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम हा सहा तालुक्यांचा जिल्हा. वैद्यकीय महाविद्यालय वाट्याला यायला त्याला आणखी सव्वीस वर्षं लागली: ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या ज्या दहा नव्या सरकारी महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात वाशीम होतं. तोवर गंभीर रुग्णाच्या कागदावर 'रेफर' लिहिलं की रस्ता ठरलेला: मालेगाव, मेडशी, पातूर, अकोला. ऐंशी किलोमीटरच्या आसपास, दीड ते दोन तास. मिनिटाला बारा श्वास धरले तर हजाराच्या वर वेळा अंबू दाबावी लागते, पातूरच्या वळणांवर एका हाताने गाडीचा दांडा धरून. २०१४ पासून १०८ ची गाडी आहे. राज्यातल्या ९३७ गाड्यांपैकी २३३ च प्रगत जीवरक्षक होत्या, बाकीच्यांची भिस्त ऑक्सिजन, अंबू आणि सोबतच्या डॉक्टरवर. माझं मत स्पष्ट आहे: ज्याची मान उचलत नाही त्याला अंबू दाबता येणाऱ्या माणसाशिवाय त्या रस्त्याला लावणं म्हणजे रेफर नव्हे. नळी टाकायची असेल तर निघण्याआधी टाकावी, मेडशीच्या पुढे नाही.

आणि वॉर्डात व्हेंटिलेटर मोकळा नसेल तर? कित्येक सरकारी वॉर्डांत तेव्हा कोपनहेगन पुन्हा उभं राहतं. फक्त पाळ्या विद्यार्थ्यांऐवजी भावाच्या, मेहुण्याच्या, बायकोच्या. "दाबत राहा भाऊ, छाती वर आली की सोडा," एवढं शिक्षण देऊन सिस्टर पुढच्या खाटेकडे जाते. रात्रभर दाबून माणूस वाचवल्याच्या कथा आपण कौतुकाने सांगतो. कौतुक त्या हातांचं जरूर करावं, पण पहाटे चारला डुलकी लागलेल्या मेहुण्यावर कुणाचा जीव टांगून ठेवायला नको होता.

ऑरगॅनोफॉस्फेटच्या विषबाधेचं ज्ञान परदेशातूनच आलं असं समजायचं कारण नाही. बारामतीच्या गिरिराज रुग्णालयात कीर्ती पवार आणि सहकाऱ्यांनी विषबाधेच्या २०० रुग्णांवर अभ्यास केला आणि तो २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. प्रालिडॉक्सिम हा उतारा दर तासाला सलग दिला तर शंभरात एक मृत्यू, चार-चार तासांनी दिला तर आठ. तीन वर्षांनी श्रीलंकेतल्या चाचणीत मात्र त्याच औषधाचा फायदा दिसला नाही. वाद अजून मिटलेला नाही. अॅट्रोपिन आणि श्वास यांवर मात्र वाद नाही.

२०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. कशात काय मिसळून फवारलं, हे तेव्हाही अनेक रुग्णांबाबत डॉक्टरांना अंदाजाने ठरवावं लागलं. म्हणून वाचकहो, दोनच गोष्टी. दवाखान्यात येताना औषधाचा डबा लेबलासकट पिशवीत बांधून आणा. अन् तिसऱ्या दिवशी माणूस चहा मागायला लागला तरी, त्याने उशीवरून डोकं उचलून दाखवल्याशिवाय, सुट्टी मागू नका.