अमेरिकेतला मेडिकलचा अर्ज: हलाखी लिहावी का?

अमेरिकी मेडिकल कॉलेजांच्या ‘एमकॅस’ या सामाईक अर्जात पूर्वी ‘मी वंचित गटातला’ असं थेट सांगायची सोय होती. 2024 च्या प्रवेशफेरीपासून ती गेली. आता जडणघडणीत आलेल्या अडचणींवर स्पेससकट 1325 अक्षरांपर्यंतचं ऐच्छिक उत्तर असतं. बदल चांगलाच, कारण शिक्क्यापेक्षा तपशील जास्त पटतो. अठराव्या वर्षाआधी घरखर्चासाठी कमावलं का, सरकारी मदत घेतली का, हे अर्जात वेगळं विचारतातच. उत्तरात त्याचा अभ्यासावर काय परिणाम झाला ते लिहायचं.

‘हे सहानुभूती मागणं नाही का?’ असं अनेकांना वाटतं. नाही. आठवड्याला वीस तास गल्ल्यावर उभं राहणाऱ्या मुलीला प्रयोगशाळेत तेवढे तास कुठून मिळणार? ते न सांगितल्यास प्रवेश समितीला ती फक्त कमी पडलेली दिसते. उलट, आईवडील परदेशातून आले एवढंच कारण पुरेसं नाही, न्यू जर्सीतल्या दोन इंजिनिअरांच्या घरात हलाखी शोधू नये (आपल्यातले काही शोधतात!). खरी अडचण असेल तर नि:संकोच लिहा, नसेल तर ‘नाही’ म्हणून पुढे जा.